आरडी घेतलीत? निदान या चुका टाळा

राजदूत ३५०, म्हणजे आपली टू-स्ट्रोक मोटारसायकल आरडी, घरी आली की पहिला खर्च रंगावर होतो आणि दुसरा सायलेन्सरवर. तिसरा होतो इंजिन पकडल्यावर, म्हणजे गरम होऊन पिस्टन सिलिंडरमध्ये अडकल्यावर, आणि तो आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा असतो. पुण्यात या गाडीवर जीव टाकणारी पोरं भरपूर आहेत. नाना पेठेत पार्ट शोधत दुपार घालवतील, रविवारी जुन्या बाजारात कार्बोरेटरचे तुकडे चाळतील. हौस खरी आहे. पण चुका त्याच त्याच होतात, आणि त्यात ओरिजिनल सिलिंडर संपतात. ते आता कुणी नव्याने बनवत नाही.

थोडी पार्श्वभूमी. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सने फरिदाबादला १९८३ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनवली. जपानी गाडी ३९ बीएचपीची, पुढे डिस्क ब्रेक. आपल्याकडची हाय टॉर्क ३०.५ ची, नंतर आलेली लो टॉर्क २७ ची, आणि पुढे ड्रम. म्हणजे तुमच्या गाडीतलं रबर, वायरिंग आणि ऑइल सील कुणी बदललं नसेल तर त्याचं वय पस्तीसच्या आसपास किंवा पुढेच आहे. रंगाच्या दुकानात जाण्याआधी हे डोक्यात ठेवा.

पकडली, की पिस्टन बदलायचा

या चुकीचा मला खरोखर राग येतो.

सिंहगड रोडच्या एका पोराची लो टॉर्क. डावा पिस्टन पकडला. गॅरेजवाल्याने सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून मोठा करून, ०.२५ मिमी मोठा पिस्टन टाकला. रनिंग-इन संपायच्या आत पुन्हा डावाच पकडला. मग ०.५० टाकला, आणि पुन्हा डावा. ०.७५ घालायची वेळ आली तेव्हा पोरगा गाडी टेम्पोत घालून माझ्याकडे आला. "काका, तेल कमी पडतंय म्हणाले. म्हणून पंप चालू ठेवून वरून टाकीतही तेल घालतोय. तरी पकडतेय."

दर वेळी डावाच का, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. ऑटोल्यूबचा, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनला आपोआप तेल देणारा, पंप एकच आहे आणि तो दोन्ही बाजूंना सारखंच तेल देतो. डावीकडच्या नळीत बुडबुडे असते तर गोष्ट वेगळी, पण नळी स्वच्छ भरलेली होती. टाकीत जादा तेल घालून तर नुकसानच वाढत होतं. कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून देणाऱ्या बारीक भोकातून, जेवढं तेल जातं तेवढं पेट्रोल कमी जातं, मिश्रण आणखी लीन होतं. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि त्यामुळे जास्त उष्णता.

पिस्टन हातात घेतला. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला, माथा पांढरट करडा. उजवा पिस्टन छान तपकिरी. मी विचारलं, गाडी गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडलास की आयडलिंग लगेच खाली येतं का? "नाही, जरा वर राहतं आणि मग उतरतं. पण ते पहिल्यापासूनच आहे." पहिल्यापासून कुठून तरी हवा आत येत होती. त्या पोराला बिचाऱ्याला हे कुणी सांगितलंच नाही.

टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीत, खेचलं जातं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. क्रँककेसला कुठेही फट असली तर तिथून नुसती हवा आत येते. त्या हवेला पेट्रोल नाही आणि तेलही नाही. आरडीत ही फट बहुतेक वेळा डाव्या टोकाच्या, अल्टरनेटरमागच्या ऑइल सीलला असते. ते सील कोरड्या बाजूला आहे, गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की वाळतं. उजवं सील क्लचच्या बाजूला तेलात असतं. ते गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर निघतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. म्हणून उजवं लोकांना कळतं. डाव्याचा धूर निघत नाही.

उरलेलं इंजिन उघडण्याआधी दुसरे पिस्टन-सिलिंडर तात्पुरते चढवून गळतीची टेस्ट केली. दोन्ही इनटेकच्या तोंडात रबरी बुचं, एक्झॉस्टवर जुन्या ट्यूबचं रबर आणि वरून लोखंडी पट्टी. एका बुचातून नळी काढून तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडला. काटा पाऱ्याच्या ३०० मिमीपर्यंत जातो, म्हणजे पावणेसहा पीएसआयच्या थोडा वर. टू-स्ट्रोकवाल्यांचा रूढ नियम ६ पीएसआय दाब ६ मिनिटं टिकला पाहिजे असा आहे, त्यामुळे हे यंत्र पुरतं. दोन्ही सिलिंडर एकदम बंद करायचे. आरडीच्या क्रँकमधलं मधलं सील रबराचं नाही, लॅबिरिंथचं, म्हणजे न घासणाऱ्या खोबणींचं आहे, एकीकडची हवा दुसरीकडे जातेच. एकच बाजू बंद करून टेस्ट घेतली तर ती खोटी ठरते.

काटा बघता बघता खाली आला. साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. हेडला काही नाही, बेस गॅस्केटला काही नाही, इनटेकचं रबरही ठीक. रोटर काढून डाव्या सीलभोवती पाणी लावलं आणि बारीक फेसाची कडी उठली. सील दाबून पाहिलं तर बांगडीसारखं कडक. त्या एका सीलपायी चांगले सिलिंडर दोन साइज खाऊन बसले होते. सील बदललं, टेस्ट पुन्हा घेतली, काटा हलला नाही. मगच सिलिंडर बोअरला पाठवले.

माझ्याकडे कुठलीही आरडी आली की आधी ही टेस्ट होते. गाडी चालू असो वा बंद, मालक घाईत असो वा नसो. "संध्याकाळी पिस्टन टाकून देतो" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. त्याला पकडण्याचं कारण शोधायचंच नाहीये.

चेंबर आणि कोन फिल्टर, जेट मात्र तोच

एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे सायलेन्सरच्या जागी लावायचा मधे फुगीर एक्झॉस्ट पाइप, ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. एक्झॉस्टमधून बाहेर पडलेल्या दाबाच्या लाटा तो परत पाठवतो. आधी सिलिंडर नीट रिकामा होतो, मग बाहेर निसटणारं ताजं मिश्रण आत ढकललं जातं. म्हणूनच साध्या सायलेन्सरची आतली नळी कापून टाकली की फक्त आवाज वाढतो आणि खालचा पिकअप मरतो. आवाजालाच ताकद समजणाऱ्यांशी वाद घालायचा मी सोडून दिलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत केलेला बदलही गुन्ह्यात बसू शकतो, आणि पुण्यात मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलिसांची कारवाई सतत चालू असते.

चेंबर लावला की इंजिन जास्त हवा ओढतं. एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरची बंद पेटी, काढून उघडा कोन फिल्टर लावला की आणखी जास्त. पेट्रोल मात्र जुन्याच मेन जेटमधून येतं. शहरात काही कळत नाही, कारण लक्ष्मी रोडवर पूर्ण ॲक्सिलरेटर कोण देतं? हायवेला लागलं की कळतं.

पुणेकरांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, आणि ती मला फार कमी लोकांच्या तोंडी ऐकू येते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. किनाऱ्यावरची हवा इथल्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी दाट असते. इथे अगदी काठावर बसवलेला जेट घेऊन तुम्ही ताम्हिणी उतरलात, माणगावला पोहोचलात आणि डिसेंबरच्या गार पहाटे सरळ रस्त्यावर गाडी खेचलीत, की तेच मिश्रण लीन झालेलं असतं. "पुण्यात तर मस्त चालत होती" हे वाक्य कोकणातून आलेल्या फोनवर मी पुष्कळदा ऐकलंय. कोकणात जायचं असेल तर मेन जेट एक पायरी मोठा घाला. घाट चढून आल्यावर थोडी जड चालेल. चालू द्या.

त्यात आता पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढंच इंधन दिलं तरी मिश्रण लीन होतं. साध्या पेट्रोलवर बसवलेली जुनी गाडी आज आहे तशी चालवली तर ती मुळातच कोरडी चालते. हे तीन एकत्र आले, चेंबर, कोकण आणि ई-२०, की पिस्टन वाचायला जागाच उरत नाही.

जेट कसा ठरवायचा? मी मोठ्यापासून सुरुवात करतो आणि एकेक पायरी उतरतो. खालून वर जाणाऱ्याची पहिली चूकच शेवटची ठरू शकते. पहाटे मोकळा, सरळ रस्ता बघायचा, नवा प्लग लावायचा, चौथ्यात पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन काही वेळ धरायचा. मग ॲक्सिलरेटर तसाच ठेवून किल स्विच आणि क्लच एकदम. गाडी नुसती घरंगळू द्यायची. आयडलिंगवर परत आणलेला प्लग काहीही सांगत नाही. प्लग काढून भिंगाने पोर्सेलिनच्या अगदी तळाशी बघायचं, तिथे धुराची बारीक तपकिरी कडी हवी. ती नसेल तर मोठा जेट परत घाला. यूट्यूबवर सांगितलेला जेट नंबर तुमच्या गाडीचा नाही.

कोन फिल्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या आरडीला लावू नका. इथल्या पावसात तो पाणी ओढतो आणि एरवी धूळ. एअरबॉक्स फुटला असेल तर दुसरा शोधा, वेळ लागू दे.

बाकीच्या, पटापट

ऑटोल्यूबचा पंप काढून टाकीत तेल मिसळणं. "पंपावर भरवसा नाही" हे कारण सगळे देतात, पण पंप उघडून कुणी बघितलेला नसतो. सिंहगडावरून दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर बंद ठेवून उतरताना इंजिन जोरात फिरत असतं आणि पेट्रोल जवळजवळ बंद असतं. तेल पेट्रोलमधूनच येत असेल तर तेही बंद. पंप इंजिनवर फिरतो, म्हणून थोडं तेल देत राहतो. पंप ठेवा. फक्त तेलाची टाकी एकदा कोरडी पडली किंवा नळी सुटली की पंपाचा ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या, आणि ती पहिली टाकी मिसळलेल्या पेट्रोलवर चालवा.

पिस्टन हातात यायच्या आधी बोअर करणं. लेथवाल्याला पिस्टन द्या, तो मोजून बोअर करू दे. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा घासून मऊ केल्यात का, बोट फिरवून बघा. धारदार कडेला रिंग अडकते आणि तुटते. पिस्टनची पिन जागेवर धरणारे सर्क्लिप नेहमी नवे.

इंजिन केसवर ब्लास्टिंग. चकचकीत दिसतं, पण काचेची बारीक पूड तेलाच्या वाटांत बसते आणि बेअरिंग खाते. मी रॉकेल आणि ब्रशनेच धुतो, दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, नुसत्या फिलर गेजवर (फट मोजायच्या पट्टीवर) बसवणं. ०.३ ते ०.४ मिमी गॅप ही सुरुवात झाली. टायमिंग दोन्ही सिलिंडरचं वेगवेगळं बघायचं, प्लगच्या भोकात डायल गेज लावून. जपानी आरडीच्या मॅन्युअलमध्ये पिस्टन वरच्या टोकाच्या २.० मिमी खाली असताना पॉइंट उघडायला हवेत असं आहे. कानाने टायमिंग लावणारे उस्ताद होते, मान्य. तुमचा कान तो नाही.

साध्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने साइड कव्हरचे स्क्रू उघडणं. जपानी स्क्रूचा कट जेआयएसचा, म्हणजे जपानी मानकाचा असतो, डोक्यावर पुष्कळदा एक ठिपका दिसतो. फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, वर निसटतो आणि डोकं गोल करतो. मग छिन्नी येते, आणि छिन्नीबरोबर तुटलेलं कव्हर. जेआयएसचा बिट आणि हाताचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, एवढा खर्च कराच.

पावसाळाभर गाडी भरल्या कार्बोरेटरने उभी ठेवणं. ई-२० पाणी धरतं. फ्लोट बाऊल, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाट्या, रिकामे करून ठेवा.

कागद न बघता टोकन देणं. चासी आणि इंजिन नंबर स्वतः कापडाने पुसून आरसी बुकाशी ताडून बघा. पंच केलेले आकडे वेडेवाकडे वाटले तर तिथूनच परत फिरा. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण झालंय का, ग्रीन टॅक्स भरलाय का, हे आरटीओत विक्रेत्याला बरोबर घेऊन विचारा, त्याच्या मित्राला नव्हे.

आणि पुढचा ब्रेक. आरडीचा ब्रेक लागतच नाही म्हणून डिस्क बसवायला निघालेल्यांना मी आधी चाक उचलायला लावतो. पुढच्या ड्रममध्ये दोन शू आहेत, दोन्ही आघाडीचे, म्हणजे चाकाच्या फिरण्याने आणखी घट्ट दाबले जाणारे, आणि बाहेरच्या दोन लिव्हरना जोडणारा एक रॉड. तो रॉड पिढ्यान्‌पिढ्या कुणी हलवलेला नसतो, त्यामुळे एकच शू घासतो. रॉडचा लॉकनट सैल करा, चाक हाताने फिरवत ठेवा आणि दुसऱ्याला ब्रेक अगदी हळू दाबायला सांगा. दोन्ही शू एकाच क्षणी टेकले पाहिजेत. तसं होईपर्यंत रॉड अर्धा-अर्धा फेरा फिरवा, मग लॉकनट आवळा, आणि दिव्याच्या खांबापर्यंत एक चक्कर मारून पुन्हा बघा.