पत्र्याचे छप्पर घालून झाल्यावर गिऱ्हाईकाची विचारपूस कशी ठेवायची

शेड उभे राहिले, हिशोब मिटला, की बरेच ठेकेदार ते गिऱ्हाईक विसरतात. मग जूनमध्ये फोन येतो, तो गळतीचा आणि चिडलेला. छपराचे काम पारखले जाते ते पहिल्या मोठ्या पावसात, म्हणून त्या पावसानंतरचा फोन ठेकेदाराने स्वतःहून करायचा. गिऱ्हाईकाच्या आधी. तो करता यावा यासाठी तयारी मात्र काम संपते त्याच दिवशी करावी लागते.

काम संपते त्या दिवशी

सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारताना आणि पत्रा कापताना पडलेला लोखंडी बुरा त्याच संध्याकाळी मऊ झाडूने खाली काढा. तो राहिला तर दवाने गंजतो आणि काही दिवसांतच नव्या रंगीत पत्र्यावर तांबूस ठिपके दिसतात. गिऱ्हाईकाला वाटते पत्राच हलका दिला. ग्राइंडरने कापलेल्या कडांचेही तसेच: ठिणग्यांनी लेप जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. शक्यतो कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारे हत्यार) कापा.

मग स्क्रूवर नजर फिरवा. वॉशरचे काळे रबर टोपीच्या कडेला जेमतेम दिसले पाहिजे. फुगून बाहेर आले असेल तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे. ते रबर उन्हाने तडकेल आणि गळती पहिल्या नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात येईल. वॉशर बोटाने फिरत असेल तर स्क्रू सैल आहे. भोक मोठे होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल, तर 12 नंबरच्या जागी 14 नंबरचा, म्हणजे जास्त जाड स्क्रू मारा, त्यावर सिलिकॉन थापून पुढे जाऊ नका.

खाली उतरायच्या आधी आठ-दहा फोटो काढा: आढ्यावरचे रिज (दोन पाखांचा सांधा झाकणारा पत्रा), भिंतीला लागलेले फ्लॅशिंग (भिंत आणि छप्पर यांच्यातली फट झाकणारी पत्र्याची पट्टी), आडवे सांधे, पन्हळीचे तोंड. पत्र्याच्या मागे छापलेला कंपनीचा मजकूर व बॅच नंबर यांचा फोटो मात्र पत्रा चढवायच्या आधीच काढून ठेवा. रंग उडाल्याची तक्रार पुढे कंपनीकडे न्यायची झाली तर बिलाबरोबर हा नंबर विचारला जातो, आणि छप्पर बसल्यावर तो वाचायला शिडी लावून पर्लिनमध्ये (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्या) डोके घालावे लागते.

वहीत एका कामाला एक पान द्या. नाव, फोन आणि गावाबरोबर छपराचे क्षेत्रफळ, उतार, पत्र्याची जाडी, स्क्रूचे माप, आडवे सांधे किती, छप्पर भिंतीला टेकलेले आहे का, उजेडासाठी पॉलिकार्बोनेट (प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा) घातले आहे का, आणि कोणत्या मिस्त्रीने काम केले, एवढे लिहा.

गिऱ्हाईकाला एक साधा मराठी कागद द्या. सांधे, स्क्रू किंवा फ्लॅशिंगमधून गळले तर किती वर्षे फुकट दुरुस्ती, हे त्यावर स्पष्ट असावे. काय फुकट नाही तेही लिहा: वानरांच्या उड्या, नारळ किंवा झावळी पडून झालेले नुकसान, आणि डिश, इंटरनेटची केबल किंवा सोलर बसवणाऱ्यांनी पाडलेली भोके. 2024 मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आल्यापासून पत्र्यावर सोलर बसवणारेही पुष्कळ झाले आहेत. "पॅनल बसवायच्या आधी एक फोन करा" ही ओळ कागदावर ठळक छापा.

पहिल्या पावसाची यादी

एप्रिल-मे हा कामांचा हंगाम असल्याने तेव्हाची सगळी छपरे एकाच आठवड्यात भिजतात. म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एक मिस्त्री आणि एक मोटरसायकल नव्या कामाला न लावता गळतीसाठी मोकळी ठेवा.

फोनची क्रमवारी जोखमीवरून लावा. सर्वात आधी दोन छपरांच्या मधली पन्हळ असलेली कामे. मग फुटाला एक इंचापेक्षा कमी उतार, त्यानंतर जुन्या भिंतीला टेकलेली छपरे, मग आडवे सांधे आणि पॉलिकार्बोनेट. साध्या दोन पाखी शेडला मेसेज पुरतो:

"नमस्कार काका, काल तुमच्याकडे चांगला पाऊस झाला. शेडमध्ये कुठे ओल किंवा थेंब दिसला का? भिंतीच्या कडेला आणि पन्हळीखाली एकदा नजर टाका. काही असेल तर फोटो पाठवा, आम्ही येऊन बघतो."

"सगळे ठीक आहे ना?" असे विचारू नका. त्यावर "हो" येते आणि गळती ऑगस्टमध्ये कळते. कुठे बघायचे ते सांगितले तरच माणूस बघतो.

या फोनवर बाकी मागू नका. पाच-दहा टक्के रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखायचे ठरले असेल, तर तिचा फोन वेगळ्या दिवशी करा, नाहीतर विचारपूस म्हणजे वसुली असे गिऱ्हाईकाच्या मनात बसते.

"गळतंय" असे उत्तर आले तर

आधी विचारा: थेंब की धार? मधोमध की भिंतीलगत? पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने आले, थांबल्यावर किती वेळ चालू राहिले? वारा होता का, कोणत्या बाजूने? या उत्तरांवर अर्धे निदान होते.

वाऱ्याच्या पावसातच गळत असेल आणि जागा पश्चिमेकडची असेल, तर रिजचे तोंड किंवा बाजूचे फ्लॅशिंग तपासा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो आणि ती बाजू सर्वात जास्त झोडपली जाते. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास भिंत पाझरत असेल तर दोष बहुधा पत्र्याचा नसून वरच्या भिंतीच्या चिरेचा किंवा उघड्या पॅरापेटचा (भिंतीच्या माथ्यावरचा कठडा) असतो. फ्लॅशिंग भिंतीवर नुसते चिकटवलेले असेल तर ते टिकणार नाही. भिंतीत इंचभर चर पाडून त्यात पत्र्याची कड घालावी, मग सिलंट (फट बुजवायचा रबरी लेप) भरावे. सिलंट न्यूट्रल प्रकारचेच घ्या; व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन गॅल्व्हनाइज्ड पत्रा खाते.

मुसळधार पावसातच पन्हळीतून पाणी आत उसळत असेल तर पाइप कमी पडतोय. ताशी 100 मिमी पावसाला 100 मिमी व्यासाचा एक पाइप साधारण 85 चौरस मीटर छपराचे पाणी नेतो, म्हणजे 30 बाय 30 फुटांचे शेड. ताशी 200 मिमीला तोच पाइप त्याच्या निम्म्यालाच पुरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर सरीचा जोर थोडा वेळ का होईना फार वाढतो, तेव्हा तिथे दुसरा पाइप काढून द्या. पन्हळीला दर दहा फुटांना निदान अर्धा-पाऊण इंच उतार आहे का, तेही बघा.

पाऊस नसतानाही पहाटे सगळ्या पत्र्याखाली सारखे थेंब दिसत असतील तर ती गळती नव्हे. आतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी सुटते. स्वयंपाकघरावर, गोठ्यावर आणि पोल्ट्रीवर हे हमखास होते. सिलंटच्या नळ्या रिकाम्या करून उपयोग नाही. हवा खेळती करणे किंवा पत्र्याखाली इन्सुलेशन घालणे हाच उपाय, आणि तो वेगळ्या खर्चाचा आहे हे गिऱ्हाईकाला तिथेच समजावून सांगा.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून उताराने पर्लिनपर्यंत येते आणि तिथे टपकते. शोध नेहमी चढाकडे घ्या. पाऊस उघडल्यावर नळीने पाणी मारून पाहा: खालच्या सांध्यापासून सुरुवात, एका जागी पंधरा-वीस मिनिटे, मग वर सरकायचे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही.

ओल्या पत्र्यावर कोणालाही चढवू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करो. तात्पुरती ताडपत्री घालायची ती खालून किंवा शिडीवरून. पत्रा कोरडा झाला की दोर आणि बेल्ट लावून, स्क्रूच्या ओळीवरूनच चाला, कारण खाली पर्लिन तिथेच असते. पॉलिकार्बोनेटवर पाय मुळीच नको.

फोन आल्यापासून चोवीस तासांत माणूस जागेवर गेला पाहिजे, दुरुस्ती लगेच शक्य नसली तरी. दुरुस्तीनंतर पुढच्या पावसाला पुन्हा फोन करा. तो चुकला तर आधीची धावपळ फुकट जाते.

अभिप्राय आणि पुढची कामे

गूगलवरचा अभिप्राय काम संपल्याच्या दिवशी मागू नका. पहिला जोराचा पाऊस कोरडा गेला, किंवा दुरुस्तीनंतरचा गेला, की लिंक पाठवा. तेव्हा लोक "एक थेंब गळला नाही" असे लिहितात, आणि नवे गिऱ्हाईक नेमके तेच शोधत असते.

ऑक्टोबरमध्ये एक छोटा मेसेज पुरे. भेट द्यायची ती पुढच्या एप्रिलमध्ये: पन्हळीतला पाला काढणे, पाइपच्या तोंडची जाळी साफ करणे, आणि कडेच्या व कोपऱ्याच्या ओळींतले स्क्रू एकेक तपासणे. वारा पत्रा उचलतो तो मधून नव्हे, कडेने आणि कोपऱ्यातून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उडवली. किनारपट्टीच्या गिऱ्हाइकाला या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. पिशवीत पन्नासेक 12 नंबरचे स्क्रू, वीसेक 14 नंबरचे, ब्यूटाइल टेपचा (सांध्यात घालायची चिकट रबरी पट्टी) रोल आणि न्यूट्रल सिलंटच्या दोन नळ्या ठेवा. पहिल्या वर्षीची ही भेट फुकट द्या. दुसऱ्या वर्षापासून दर ठरवा आणि तो मार्चमध्येच कळवा, म्हणजे हंगामाची गर्दी सुरू व्हायच्या आत तारीख पक्की होते.