जुन्या घड्याळाचं मागचं झाकण बसत नाही? या चुका टाळा

गेल्या महिन्यात शेजारचे काका हातरुमालात बांधून एक घड्याळ घेऊन आले. एचएमटी जनता, त्यांच्या वडिलांचं. चावी दिली की छान चालायचं, पण आतलं मशीन नातवाला दाखवावं म्हणून त्यांनी सुरीच्या टोकानं मागचं झाकण उघडलं. उघडलं लगेच, बसेना मात्र. अंगठ्यांनी दाबून झालं, टेबलावर उलटं ठेवून तळव्यानं दाबून झालं, शेवटी पक्कडीत कापड घालून आवळलं. झाकण एका बाजूनं आत गेलं, काचेला आडवी चीर पडली आणि चावी जड फिरायला लागली.

भिंगाखाली धरल्यावर कारण लगेच दिसलं. या झाकणाच्या आतल्या उभ्या कडेला एका जागी छोटी खाच आहे, चावीची दांडी तिथून आत जावी म्हणून. ती चावीच्या बरोबर समोर यायला हवी. इथे ती नखाएवढी बाजूला सरकली होती, त्यामुळे पक्कडीचा सगळा जोर त्या सुईसारख्या दांडीवर पडला होता. दांडी वाकली होती. ती बदलली, झाकण फिरवून खाच समोर आणली आणि दोन अंगठ्यांनी दाबलं. टक्. बसलं.

बसत नसलेलं झाकण कशाला तरी अडलेलं असतं. ते काय, हे सापडेपर्यंत जोर लावायचा नाही. हे मी इतक्या कळकळीनं सांगतोय कारण हे भाग आता नव्यानं बनत नाहीत. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ साली बेंगळुरूत सुरू झाला आणि २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तुमच्या आजोबांच्या घड्याळाचं झाकण वाकलं, तर दुसरं बहुतेक वेळा कुठल्यातरी बंद पडलेल्या घड्याळातूनच काढावं लागतं.

आधी झाकण कुठल्या जातीचं आहे ते बघा

काठाला एखादीच बारीक फट किंवा ओठ असेल, तर ते दाबाचं झाकण. काठाभोवती सारख्या अंतरावर खाचा असतील, तर ते बहुधा आट्यांचं, आणि ते दाबून कधीच बसणार नाही. आट्यांचं झाकण बसवताना बहुतेकजण थेट उजवीकडे आवळायला लागतात आणि आटे आडवे चढतात. त्याऐवजी झाकण सपाट ठेवून आधी हलक्या हातानं उलटं, म्हणजे डावीकडे फिरवा. एका जागी ते किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथून उजवीकडे. पहिले दोन वेढे नुसत्या बोटांनी फिरले पाहिजेत. फिरत नसतील तर काढा आणि पुन्हा पहिल्यापासून करा, पाना हातात घेऊ नका.

दोष केसमध्ये की मशीनमध्ये?

दाबाचं झाकण खाच जुळवूनही बसत नसेल, तर मशीन केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचातून, काढून रिकाम्या केसवर झाकण बसवून बघावं. बसलं, तर अडचण मशीनच्या बाजूला आहे. नाही बसलं, तर काठात किंवा झाकणात. एवढ्या एका तपासणीनं अर्धा शोध संपतो. मशीन काढायची सवय नसेल तर मात्र हे काम घड्याळजींकडे द्या. दांडी मोकळी करायला जो छोटा स्क्रू असतो, तो एक-दोन वेढ्यांपेक्षा जास्त सोडला की आतला लिव्हर सुटतो आणि मग डायल काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

मशीनच्या बाजूला तीन गोष्टी नेहमी सापडतात. एक, मशीनभोवतीची रिंग उलटी किंवा तिरकी बसलेली. दोन, मशीन धरून ठेवणाऱ्या पट्टीचा स्क्रू पूर्ण न आवळल्यामुळे त्याचं डोकं वर आलेलं. तिसरी गोष्ट फक्त ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळात, एचएमटी कांचनसारख्या: मागे फिरणारं वजन, म्हणजे रोटर, नीट बसलेला नसतो आणि झाकणाला टेकतो. झाकणाची आतली बाजू उजेडात तिरकी धरा. गोलाकार ओरखडे दिसले तर रोटर घासतोय.

मळ, आणि त्यावर बसवलेलं नवं रबर

रिकाम्या केसवरही झाकण बसत नसेल, तर बहुतेक वेळा मळ असतो. चाळीस वर्षांचा घाम, त्वचेची पूड आणि साबण मिळून झाकणाच्या खोबणीत एक काळपट तपकिरी थर तयार होतो, दगडासारखा घट्ट. नुसत्या डोळ्यांना तो धातूचाच भाग वाटतो. मशीन बाहेर असताना लाकडी टूथपिकचं टोक लायटरच्या पेट्रोलमध्ये किंचित ओलं करून खोबणीतून फिरवा (जवळ ज्योत नको आणि खिडकी उघडी हवी). मेणासारखे तुकडे निघायला लागतात. पिन किंवा सुई वापरू नका, पितळी केसवरचा मुलामा निघतो.

त्याच खोबणीत कधी पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेलं जुनं रबर डांबरासारखं वितळून चिकटलेलं असतं. ते न काढता वर नवी रिंग बसवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक. रिंगचा व्यास जुळला म्हणजे झालं असं वाटतं, पण तिची जाडीही तितकीच महत्त्वाची. ०.५ मिलिमीटरच्या जागी ०.८ ची घातली की झाकण एका बाजूनं बसतं आणि दुसऱ्या बाजूनं उचकतं. आणि चावीच्या अनेक साध्या जुन्या घड्याळांत मुळात रबर नव्हतंच. खोबणीच नसेल तर रबर घालू नका.

रबराला वंगण म्हणून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनही नको. ते पसरत मशीनपर्यंत जातं, केसासारख्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतंच पुढे धावायला लागतं. सिलिकॉन ग्रीसचा बोटाला जेमतेम जाणवेल एवढा पुसट हात पुरे.

वाकलेली कड

सगळं स्वच्छ आहे, खाच समोर आहे, तरी बसत नाही? मग झाकणाची कड बघा. चुकीच्या जागी स्क्रूड्रायव्हर घालून उघडलेल्या झाकणाची कड तिथेच किंचित बाहेर आलेली असते. कडेला मार्करनं काळं करा, केसवर ठेवून हलकं दाबा आणि उचला. शाई जिथे घासली गेली, तिथे अडतंय. ती जागा लाकडाच्या गुळगुळीत तुकड्यानं थोडी थोडी आत दाबायची, दर वेळी बसवून बघायचं. कानस लावायची नाही. कडेवरचा जो केसभर फुगवटा खोबणीत अडकतो, त्याच्यावरच झाकण टिकतं. तो घासला की झाकण सहज बसतं खरं, पण मनगटावरून केव्हा निघून पडेल सांगता येत नाही.

झाकण मुळात दुसऱ्याच घड्याळाचं असण्याची शक्यताही असते. जुन्या बाजारातल्या, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून नव्यासारख्या केलेल्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अशा घड्याळाचं झाकण आणि केस व्हर्नियर कॅलिपरनं (बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं) मोजा. दोन दशांश मिलिमीटरचा फरक निघाला, तर कितीही सफाई केली तरी उपयोग नाही.

प्रेस वापरणार असाल तर

काही झाकणं अंगठ्यांनी खरंच बसत नाहीत, त्यांना प्रेस, म्हणजे दोन ठोकळ्यांमध्ये घड्याळ धरून झाकण दाबायचं हत्यार, लागतो. काचेच्या बाजूचा ठोकळा मधून पोकळ हवा आणि काचेपेक्षा मोठा, म्हणजे तो फक्त केसच्या काठावर टेकेल. सपाट ठोकळा फुगीर काचेवर ठेवला की काकांच्या घड्याळाचं झालं तेच होतं. वरचा ठोकळा झाकणापेक्षा किंचितच लहान निवडा, जोर काठाजवळ पडू द्या. दाबण्याआधी डोळ्यांच्या पातळीवर धरून झाकण सपाट आहे का ते बघा. एक बाजू वर दिसत असेल तर थांबा.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब तर कधीच नको. त्याच्या वाफेनं काचेवर आतून पांढरी साय धरते, डायललाही. उघड्या मशीनवर तोंडानं फुंकरही मारू नका, ओलाव्यानं पोलादी भाग गंजतात. धूळ काढायला दाबला की हवा सोडणारा रबरी फुगा वापरा.

झाकण बसलं की चावीचे चार-पाच वेढे द्या, मग ती ओढून काटे फिरवा आणि परत आत ढकला. आधीपेक्षा जड वाटली तर झाकण लगेच उघडा, खाच सरकली आहे. आणि बसलंच नाही, तर घड्याळ उलटं, काच खाली करून मऊ कापडावर ठेवा, वर पेला झाका आणि झाकण वेगळ्या पुडीत घालून दोन्ही घड्याळजींकडे न्या. सेलोटेप लावून नेऊ नका. तिचा चिकट अंश खोबणीत राहतो, आणि तो काढायचं काम आणखी एक वाढतं.