लांब पल्ल्याच्या सायकलची फ्रेम बदलावी का?

२०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरी) करणाऱ्यांनी फ्रेम बदलण्याआधी सायकल धुऊन बॉटम ब्रॅकेटभोवतीचे (पेडलच्या दांड्यांचा आस बसतो तिथले) व हेड ट्यूबखालचे (हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीखालचे) सांधे, तसेच मागचे ड्रॉपआउट (मागच्या चाकाचा आस अडकवायच्या खाचा) भर उजेडात तपासावेत. रंगावरची केसासारखी रेघ नखाला लागते का, तिच्या कडेने गंज किंवा काळपट डाग दिसतो का, हे पाहावे; शंका असल्यास जाणकाराला दाखवेपर्यंत सायकल चालवू नये. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला असेल तर ती बदलावीच, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेची ताकद घटते. पोलादी फ्रेम मात्र चांगला कारागीर बहुधा सांधू शकतो. आपटलेल्या कार्बन फ्रेमचे आतले थर वरून काही न दिसताही सुटलेले असू शकतात.

हात किंवा मान दुखते एवढ्यावरून फ्रेम बदलणे मला पटत नाही. आधी स्टेम (हँडल सायकलला जोडणारा तुकडा), सीटची उंची आणि टायर बदलून पाहावे. आपल्या खडबडीत रस्त्यांसाठी २८ मिलिमीटरचे टायर फ्रेममध्ये मावतच नसतील, तर मात्र ते रास्त कारण आहे. चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रिम ब्रेकवरून चाकाच्या मध्यावरच्या चकतीला दाबणाऱ्या डिस्क ब्रेकच्या फ्रेमकडे वळल्यास चाके, ब्रेक आणि बहुधा हँडलवरचे ब्रेकचे लिव्हरही नवे घ्यावे लागतात, म्हणून पूर्ण सायकलचा भावही विचारून ठेवावा.