ब्रश बघितला की तोंड घट्ट मिटणारं बाळ: माझा अनुभव

मुलगी २० महिन्यांची, ब्रश दिसला की तोंड बंद, जबरदस्ती केली की किंचाळणं. नवा ब्रश, गोड पेस्ट, मोबाईलवर व्हिडिओ, सगळं दोन-दोन दिवस चाललं. रोज रात्री आम्ही रडकुंडीला यायचो.

जमलं ते असं: बाथरूम सोडून पलंगावर बसले, तिचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड वर. आधी तिच्या हातात एक रिकामा ब्रश दिला, मग माझ्या हातातल्या तिच्या दुसऱ्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट, ३ वर्षांच्या आत तेवढी पुरते. वरचा ओठ बोटाने उचलला आणि तिथे मधोमध ओठ-हिरडी जोडणारी जी पातळ कातडी असते ना, तिच्यावर बोट आडवं ठेवून ती झाकली, कारण ब्रश तिलाच लागून दुखत होतं आणि हे मला कित्येक दिवस कळलंच नाही! मग दाढा, शेवटी पुढचे दात, ब्रश हिरडीकडे तिरका. चौथ्या रात्री तिने स्वतःहून आ केला.