डिझाइन प्रकल्पात स्वतःच्या शिकण्याचे नियोजन कसे करावे

रावेर-यावल पट्ट्यात घड उतरवल्यावर शेतात उभे राहणारे केळीचे खोड ही खानदेशातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी हाताशी असलेली समस्या आहे. त्यातून धागा काढणारे यंत्र करायचे ठरले की, बहुतेक गट पहिल्याच आठवड्यात मोटार किती अश्वशक्तीची घ्यावी या चर्चेवर येतात. तेथेच थांबावे.

आधी प्रत्येकाने, एकमेकांशी न बोलता, आपल्याला नेमके काय करायचे आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहावे आणि मग सर्वांचे कागद शेजारीशेजारी ठेवून वाचावेत. कोणी धाग्याची प्रत महत्त्वाची मानलेली असते, कोणी मजुरीतील बचत, तर कोणी केवळ गुण. हा फरक जोडणीच्या वेळी उघड होण्यापेक्षा आरंभीच कळलेला परवडतो. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित पायरी हीच आहे, आणि ती एकदाच उरकण्याचीही नाही: शेतकऱ्याशी बोलून आल्यावर आणि पहिल्या चाचणीनंतर तो कागद पुन्हा लिहावा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वयंनियंत्रित अध्ययनाचे, म्हणजे आपले शिकणे आपणच आखून तपासत राहण्याचे, पूर्वविचार, कृती आणि आत्मपरीक्षण असे तीन टप्प्यांचे चक्र मांडले आहे. ते प्रत्यक्षात आणण्यासाठी वेळापत्रकात ‘काय करायचे’ याच्या शेजारी ‘त्यासाठी काय शिकायचे’ असा रकाना आखावा. ‘शाफ्टचा (यंत्रातील फिरत्या दांड्याचा) व्यास ठरवणे’ यासमोर ‘वाकणे आणि पीळ एकत्र आल्यास होणारे गणित’ असे लिहिले नाही, तर तो आकडा मागच्या वर्षीच्या अहवालातून उचलला जातो (आणि तोंडी परीक्षेत नेमका तोच विचारला जातो).

या यंत्रात खोडाचे पापुद्रे फिरत्या रोलरची पाती आणि स्थिर पट्टी यांमधून जातात; त्या दोहोंतील अंतर फार कमी असेल तर धागा तुटतो, जास्त असेल तर गर चिकटून राहतो. म्हणून प्रत्येक चाचणीत एकच गोष्ट बदलावी, काय घडेल याचा अंदाज आधी वहीत लिहावा आणि निकाल त्याच दिवशी त्याखाली नोंदवावा. अंदाज चुकला तेथे आपले काय समजायचे राहिले ते सापडते.

मार्गदर्शकांकडे ‘काम सुरू आहे’ एवढेच सांगायला जाऊ नये. ‘अंतर कमी केल्यावर धागा तुटतो; वेग कमी करावा असे आम्हांला वाटते, पण पात्यांची धार हेही कारण असू शकेल का?’ असा, स्वतःचे मत आधी मांडलेला प्रश्न न्यावा.