रोबोवॉरसाठी स्वस्त मोटर ड्रायव्हर घेताय? या चुका टाळा

टेक-फेस्ट जवळ आला की सोलापुरातल्या कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये रोबोवॉरचे, म्हणजे रिंगणात एकमेकांशी लढणारे, बॉट उभे राहायला लागतात. फ्रेम, वेल्डिंग, भंगारातली वायपर मोटर, बॅटरी यांवर पैसे संपतात आणि उरलेल्यात ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारा बोर्ड, बसवायचा असतो. मग पहिल्याच फाइटला धूर निघतो तोही ड्रायव्हरमधूनच.

बहुतेक वेळा चूक खरेदीतच झालेली असते: बोर्डावरचा अँपिअरचा आकडा खरा मानलेला असतो. बीटीएस७९६० या चिपचं ड्रायव्हर मॉड्यूल ‘४३ अँपिअर’ म्हणून विकतात. तो चिपच्या करंट लिमिटचा आकडा आहे, म्हणजे चिप ज्यापुढे करंट स्वतःच अडवते तो. त्या एवढ्याशा हीटसिंकवर सतत चालवायचं तर दहा-पंधरा अँपिअरच्या पुढे भरवसा धरू नका. आरसी (रिमोटच्या) कारच्या स्वस्त ब्रश्ड ईएससीवर, म्हणजे ब्रशवाल्या मोटरच्या स्पीड कंट्रोलरवर, ३२० अँपिअर छापलेलं असतं; त्याच्या वायरींची जाडी बघितली तरी त्यात किती दम आहे ते कळतं. एल२९८एन हा ड्रायव्हर तर चॅनलला २ अँपिअरचाच, वर दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. रेषेवरून चालणाऱ्या लाइन फॉलोअर रोबोला ठीक आहे, फाइटसाठी घेऊच नका.

आकडा बघायचा तो मोटरचा, म्हणजे स्टॉल करंट. दोन बॉट एकमेकांना रेटतात तेव्हा चाकं जागच्या जागी अडतात आणि मोटर तेवढा करंट ओढते. मोजायला अवघड नाही. शाफ्ट पान्यात पक्का धरा, एका चांगल्या १८६५० (लिथियम) सेलवर मोटर जोडा, मल्टीमीटर मोटरच्या सिरीजमध्ये ठेवून त्याची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला आणि दोन सेकंदांत करंट वाचा. दुसऱ्या मीटरने मोटरच्या टर्मिनलवरचे व्होल्ट बघा. समजा ३.४ व्होल्ट आणि ४ अँपिअर आले, तर रेझिस्टन्स ०.८५ ओहम. पूर्ण चार्ज झालेली ३एस लायपो (तीन सेलची लिथियम बॅटरी) १२.६ व्होल्ट देते, म्हणजे स्टॉल करंट जवळपास १५ अँपिअर. फुल स्पीडमध्ये एकदम रिव्हर्स मारला तर क्षणभर याच्या दुपटीजवळ जातो. म्हणून ड्रायव्हरचं सतत चालण्याचं रेटिंग स्टॉल करंटइतकं तरी हवंच. बजेट बसत नसेल तर मोटर लहान घ्या, ड्रायव्हर लहान घेऊ नका.

त्यात आपल्याकडचं ऊन. पत्र्याच्या शेडमध्ये पारा चाळिशीपार असतो आणि ड्रायव्हर बंद डब्यात कोंबलेला. वेपनसाठी ड्रोनची ३० अँपिअरची ईएससी घेणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं: तिच्यावर प्रोपेलरचा वारा येईल असं धरलेलं असतं, बॉटमध्ये तो नाही.

आरसी कारच्या ईएससीत आणखी एक खोड असते. रिव्हर्स दिला की आधी ब्रेक, मग पुन्हा स्टिक ओढल्यावर रिव्हर्स. रेसला चालतं, रिंगणात तेवढ्यात समोरचा घुसतो. घेण्याआधी थेट रिव्हर्सचा मोड आहे का, हे विचारा.

फाइटमध्ये बॉट मध्येच थांबला तर लगेच ड्रायव्हरला शिव्या घालू नका. आधी रिसीव्हरचा, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या बोर्डाचा, दिवा बघा. तो विझून परत लागत असेल तर रिसीव्हरला व्होल्टेज पुरत नाही. त्याला वेगळा ५ व्होल्टचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणारा छोटा बोर्ड) द्या. दिवा स्थिर आहे, एकच बाजू बंद पडते आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होते, तर ड्रायव्हर तापून थर्मल कटऑफ घेतोय. मोटर नुसतीच थरथरत असेल तर नॉइज दाबायला तिच्या दोन्ही टर्मिनलमध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा.

बीटीएस७९६० थेट रिसीव्हरवर चालत नाही, मध्ये आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) लागतो. तिथे एक घातक गोष्ट राहून जाते. सिग्नल तुटला की ‘पल्सइन’, म्हणजे रिसीव्हरच्या पल्सची लांबी मोजणारी कमांड, शून्य देतं. १००० ते २००० मायक्रोसेकंदांच्या पल्सचं मॅपिंग -२५५ ते २५५ (फुल रिव्हर्स ते फुल फॉरवर्ड) मध्ये केलेलं असेल, तर त्या शून्याचे -७६५ होतात. पुढे मर्यादा -२५५ ला लावली की बॉट फुल रिव्हर्समध्ये सुटतो. वेपन काढून, चाकं हवेत ठेवून ट्रान्समीटर बंद करून बघा. चाकं फिरतच राहिली तर ९०० च्या खालची प्रत्येक पल्स ‘थांब’ समजायची, अशी अट मॅपच्या आधी घाला. काही रिसीव्हर शेवटचीच पल्स देत राहतात. तिथे फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते, रिसीव्हरमध्येच सेट करावा लागतो.