एक्सेल डेटाबेसला जोडत नाही? पासवर्ड बदलण्याआधी या चुका टाळा

महिनाअखेर आली की बेळगावच्या उद्यमबागच्या कारखान्यांतून आणि निपाणी-चिकोडीकडच्या सोसायट्यांतून एकाच सुराचे फोन येतात. "सर, कालपर्यंत रिफ्रेश होत होतं की हो, आज नुसता एरर मारालंय." फाइल टेबलावरच्या संगणकात, डेटाबेस मात्र कोल्हापूरच्या हेड ऑफिसात किंवा पुण्या-मुंबईच्या भाड्याच्या सर्व्हरवर. मधला रस्ता कुठे तुटलाय हे बघायच्या आतच कुणी पासवर्ड बदललेला असतो, कुणी अख्खं ऑफिस काढून परत टाकलेलं असतं. मूळ दुखणं एक, त्यावर नवी तीन.

एरर न वाचता ओके दाबणं

"कनेक्ट होत नाही असं कायतरी आलंय" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. एररचं वाक्य लांबलचक इंग्रजी असतं, मान्य, पण त्यातला आकडा तरी टिपून घ्या. नाहीतर मोबाइलवर फोटो काढा. सगळं निदान त्या आकड्यातच असतं.

मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामचा २००३ आला तर तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही. त्याच्या पुढे कंसात बहुतेक वेळा आणखी एक आकडा असतो. १००६० असेल तर हाक मारली आणि उत्तरच आलं नाही: पत्ता चुकलाय, मशीन बंद आहे, नाहीतर वाटेतली फायरवॉल (जोडण्यांवरची पहारेकरी) तुमची विनंती गुपचूप गिळतेय. १००६१ असेल तर मशीन सापडलंय, पण त्या पोर्टवर (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कुणी ऐकत नाही, म्हणजे बहुधा डेटाबेसची सर्व्हिस बंद आहे किंवा पोर्ट चुकीचा टाकलाय. मायएसक्यूएलचा नेहमीचा पोर्ट ३३०६, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, पोस्टग्रेसचा ५४३२.

१०४५ किंवा एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ आला तर रस्ता ठीक आहे, दारात अडवलंय. पासवर्डकडे बघायचं ते इथे. २००३ येत असताना पासवर्ड बदलणाऱ्यांचं मला फार नवल वाटतं. पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नसते, आणि तो बदलला की बाकीच्या चार शाखांचं चालू कामही थांबतं.

१०४५ च्या वाक्यात आणखी एक उपयोगी गोष्ट असते. युजरच्या नावापुढे 'ॲट'चं चिन्ह आणि त्यानंतर एक पत्ता दिसतो. सर्व्हरला तुम्ही त्या पत्त्यावरून आलेले दिसताय. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचा युजर लोकलहोस्टवरून, म्हणजे सर्व्हरच्याच मशीनवरून, वेगळा आणि बाहेरून वेगळा धरला जातो. त्यामुळे सर्व्हरवर बसलेला माणूस "माझ्याकडं चालतंय की" म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, फक्त त्याचा तुम्हाला उपयोग नसतो.

पिंगवर विसंबणं

पिंग (मशीन जागं आहे का हे बघणारी हाक) लागला म्हणजे डेटाबेस लागेल असं नाही. कित्येक सर्व्हरवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेला असतो, त्यामुळे उलटंही खरं नाही. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन नावाची आज्ञा आहे. तिला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट द्या. शेवटच्या ओळीत 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड'समोर ट्रू आलं तर दोष नेटवर्कचा नाही, एक्सेल, ड्रायव्हर (एक्सेल आणि डेटाबेसमधला दुवा) किंवा लॉगिनकडे वळा. फॉल्स आलं तर एक्सेलला हात लावू नका.

आपला आयपी तोच आहे असं धरून चालणं

आपल्या भागात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. भाड्याचा सर्व्हर देणारे बहुतेक जण बाहेरच्या जोडणीसाठी परवानगीची यादी ठेवतात, त्यात तुमच्या ऑफिसचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, घालावा लागतो. तो घातला, सहा महिने सुरळीत चाललं. मग एका दुपारी लाईट गेली, आली, राउटर नव्यानं चालू झाला आणि कंपनीनं त्याला दुसराच आयपी दिला. फाइल तीच, पासवर्ड तोच, आणि एरर ११३०: या पत्त्यावरून यायला परवानगी नाही. यादी फायरवॉलवर असेल तर ११३० सुद्धा दिसत नाही, नुसता १००६० येतो.

खानापूरकडे पावसाळ्यात ब्रॉडबँड गेलं की लोक मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. तेव्हा तर पत्ता बदलणारच. मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे बसवतात. राउटरच्या पानावर वॅन पत्ता (राउटरला कंपनीकडून मिळालेला) १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तो पत्ता फक्त कंपनीच्या आतला आहे, बाहेर तुम्ही वेगळेच दिसता. डेटाबेस तुमच्याच ऑफिसात असेल आणि शाखेनं बाहेरून जोडायचं असेल, तर अशा कनेक्शनवर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, काही होत नाही. ब्रॉडबँडवाल्याकडून स्थिर आयपी विकत घ्या किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी, बंद रस्ता) लावा.

वैतागून काही जण यादीत टक्क्याचं चिन्ह टाकतात, म्हणजे कुणीही कुठूनही या. जोडणी लगेच होते, म्हणून हा उपाय तोंडोतोंडी पसरतो. सोसायटीच्या सभासदांची खाती, ठेवी, फोन नंबर त्या डेटाबेसात आहेत, आणि ३३०६ उघडा सापडतोय का हे धुंडाळणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. हे करू नका. "तात्पुरतं" म्हणूनही नको. तात्पुरतं केलेलं कुणी परत बंद केलंय असं मी फारसं पाहिलेलं नाही.

रिफ्रेश पुन्हा पुन्हा दाबणं

फाइलीत पाच-सहा क्वेरी (डेटाबेसकडून माहिती मागवणाऱ्या आज्ञा) असतील तर एका रिफ्रेशला तितक्याच वेळा जुना पासवर्ड सर्व्हरवर आपटतो. बऱ्याच सर्व्हरची फायरवॉल असे प्रयत्न मोजते आणि काही वेळासाठी तुमचा आयपीच अडवते. म्हणून सकाळी १०४५ आणि दुपारी १००६० असा क्रम दिसला तर गोंधळू नका: दोष पासवर्डचाच होता, आता वर बंदी आलीय. हात आवरा, सर्व्हरवाल्याला बंदी काढायला सांगा.

पासवर्ड हेड ऑफिसनं बदलला असेल तर तो फाइलीत शोधू नका. एक्सेलमधली पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा आणणारी सोय) तो त्या संगणकावर, त्या विंडोज युजरपुरता जपून ठेवते. डेटा, मग गेट डेटा, मग डेटा सोर्स सेटिंग्ज. तिथे सर्व्हर निवडून एडिट परमिशन्समध्ये नवा पासवर्ड घाला.

नुसती फाइल दुसऱ्या संगणकावर नेणं

व्हॉट्सॲपवरून फाइल पाठवली, पलीकडे उघडली आणि 'डेटा सोर्स नेम नॉट फाउंड' आलं. ओडीबीसीची (विंडोजमधून डेटाबेसला जोडायच्या सोयीची) नोंद, म्हणजे डीएसएन, फाइलीबरोबर जात नाही. ती नव्या संगणकावर त्याच नावानं करावी लागते, ड्रायव्हरही टाकावा लागतो.

तो ड्रायव्हर ३२ बिटचा की ६४ बिटचा हे विंडोजवरून ठरवू नका, एक्सेलवरून ठरवा: फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल, पहिलीच ओळ. जुळलं नाही तर 'आर्किटेक्चर मिसमॅच' येतो. इथे मायक्रोसॉफ्टनं गंमत करून ठेवलीय. ओडीबीसीच्या दोन्ही खिडक्यांच्या फाइलीचं नाव एकच, शेवटी ३२ असलेलं. त्यात ६४ बिटची सिस्टिम३२ फोल्डरात आणि ३२ बिटची सिसवाव६४ फोल्डरात. त्यामुळे भलत्याच खिडकीत केलेली नोंद एक्सेलच्या कामी येत नाही.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी थोडक्यात: एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी-आयपी मुळात बंद असतं, ते कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सर्व्हिस नव्यानं सुरू करावी लागते. आणि ओडीबीसी ड्रायव्हर १८ टाकल्यावर सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल, तक्रार आली तर घाबरू नका. तो जोडणी आपणहून एन्क्रिप्ट करतो (मधला मजकूर कुणाला वाचता येऊ नये म्हणून), आधीचे करत नव्हते. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कात 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' चालेल, इंटरनेटवरून मात्र नीट सर्टिफिकेट बसवून घ्या.

प्रश्नचिन्हांना जोडणीचा दोष समजणं

सीमाभागातल्या डेटाबेसात एकाच ओळीत गावाचं नाव मराठीत आणि कन्नडमध्ये असतं. जोडणी होते, आकडे बरोबर येतात, आणि येळ्ळूरच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएलचा ड्रायव्हर बसवताना एएनएसआय आणि युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं सांभाळणारा) असे दोन पर्याय दिसतात. एएनएसआय निवडला असेल तर बहुधा हेच कारण. डीएसएन युनिकोड ड्रायव्हरवर नव्यानं करा.

तरीही प्रश्नचिन्हंच आली तर सर्व्हरवर त्या कॉलमवर हेक्स फंक्शन (अक्षरं आत कोणत्या संकेतांत साठली आहेत ते दाखवणारं) चालवून बघायला सांगा. कॉलम यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) असेल तर मराठी 'य' ई० ए४ एएफ असा दिसतो आणि कन्नडचा 'य' ई० बी२ एएफ असा. तसं दिसलं तर डेटा शाबूत आहे, दोष वाटेतला आहे. पण ३एफ ३एफ ३एफ अशी माळ दिसली, तर प्रश्नचिन्हं साठवलेलीच आहेत. भरतानाच अक्षरं गेली, आता एक्सेलमध्ये काहीही करून ती परत यायची नाहीत. कॉलम यूटीएफ८एमबी४ करून (एसक्यूएल सर्व्हरमध्ये वारचारऐवजी एनवारचार) नावं पुन्हा भरावी लागतील.

प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत असेल तर ती गोष्ट निराळी. जुन्या काळी मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत टाइप व्हायचं, आणि त्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आत इंग्रजी चिन्हांच्याच रूपात साठलेला असायचा. तो फॉन्ट लावला की नावं वाचता येतात, पण शोध आणि क्रमवारी चुकतच राहते. असा मजकूर एकदाच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि त्याआधी डेटाबेसचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवा. जोडाक्षरांत आणि रफारात कन्व्हर्टर हमखास घोटाळा करतात.